पहिल्यांदाच महालक्ष्म्यांचा स्वयंपाक माझ्या अंगावर आलाय, सांभाळून घ्या

नवी चूल
२४ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आजवर इथं नुसतं वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. घरी महालक्ष्म्या उभ्या असतात, सासऱ्यांच्या आजोबांपासून. परवा पोळ्याला तोरण तुटलं, बैल घरी आले, सासूबाई त्यांचे पाय धुवायला गडवा घेऊन उठल्या आणि ओल्या अंगणात घसरल्या. उजवं मनगट मोडलंय. प्लास्टर सहा आठवडे. महालक्ष्म्यांचं जेवण १ सप्टेंबरला, म्हणजे आजपासून आठ दिवसांनी.

लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली पहिली दोन नागपुरात गेली. या स्वयंपाकात माझ्याकडे आजवर दोनच कामं होती, भजी तळणं आणि वाढणं. पुरणाला कधी हात लावला नाही, कारण लावू दिला नाही. आणि खरं सांगते, त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही.

सासूबाईंना विचारलं, डाळ किती? "दोन शेर घे, नाहीतर अडीच." साखर? "डाळीएवढी, किंचित कमी." मीठ? "ते हाताला कळतं." त्यांचा हात प्लास्टरात आहे.

करायचं आहे ते असं: पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांची भाजी, कढी, वरणभात, भजी, उडदाचे वडे, पंचामृत, दोन कोशिंबिरी, तांदळाची खीर. शिवाय फुलोऱ्याच्या करंज्या, पापड्या. घरात दोन शेगड्यांचा गॅस, पाच लिटरचा कुकर, अंगणात चूल. माणसं किती विचारलं तर म्हणाल्या, "घरचीच. पन्नासेक."

कुठून सुरुवात करू?


तुरीचं वरण
२४ ऑगस्ट, रात्री ९.५५

"घरचीच, पन्नासेक" वाचूनच मला घाम फुटला. शुभेच्छा. वाचतोय.


पुण्याची पाहुणी
२४ ऑगस्ट, रात्री १०.१०

पोळ्या सरळ बाहेरून मागवा. बाकीचं घरी. आमच्याकडे गौरीला गेली पाच वर्षं पोळ्या बाहेरच्याच असतात आणि गौरी अजून रागावलेल्या नाहीत. त्या दिवशी बाईनं हसतमुख असावं, हे पोळीपेक्षा महत्त्वाचं.


वऱ्हाडी ठेचा
२४ ऑगस्ट, रात्री १०.३२

पाहुणी, कल्पना चांगली आहे, पण आर्वीकडच्या खेड्यात पोळी मागवायची कुठून? इथला आचारी लग्नाची बालुशाही करतो आणि तेरवीची बुंदी. त्याला पुरणपोळी सांगितली तर तो म्हणेल, "ते बायकांचं काम हाय." आणि बाहेरची पोळी आली हे गावाला ती पोचायच्या आधी कळेल.

बचत गटाच्या बायका पोळ्या करून देतात हे खरं. पण त्या दिवशी त्यांच्याही घरी महालक्ष्म्या असतात ना. सगळ्या गावाचा सण एकाच दिवशी, हीच खरी अडचण.


मोठीमाय
२५ ऑगस्ट, सकाळी ६.१५

माय, घाबरू नको. पहिले सासूले हे इचार का आवतन कसं हाय. चूलबंद का घरटी एक? चूलबंद म्हंजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाई, लेकरंबाळं, त्याईचे पाहुणे, समदे तुह्या घरी. घरटी एक म्हंजे एकच मानूस. पन्नास मानसं अन् पन्नास घरं यात लय फरक हाय.

मी नवी होती तवा माह्या सासूनं मले सांगतलंच नाई. म्या पन्नासाचा भात मांडला अन् दीडशे आले. तिसऱ्या पंगतीले खिचडी टाकली होती म्या. अजून लोक मले त्या खिचडीवरून हासतात.


नवी चूल
२५ ऑगस्ट, दुपारी २.०५

मोठीमाय, तुमचे पाय कुठे आहेत?

सासूबाईंसोबत वही घेऊन बसले. घरटी एक असं आवतन २२ घरांना. चूलबंद ९ घरांना, घरी सरासरी पाच धरली तर ४५. नागपूरचे भासरे-जाऊ, पुलगावची नणंद, त्यांची मुलं आणि आम्ही मिळून १४. एकूण ८१. मी म्हटलं, आई, ही तर एक्याऐंशी झाली. त्या म्हणाल्या, "मग? तेच तर सांगितलं. पन्नासेक."


गणिती काका
२५ ऑगस्ट, दुपारी ३.२०

आता आकडा हातात आहे तर हिशेब लावू. निवृत्तीआधी बारा वर्षं वसतिगृहाचं कोठार माझ्याकडे होतं, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पुरणाच्या बाबतीत मात्र माझं ज्ञान खाण्यापुरतं आहे, ते बायकोकडून तपासून घेतलंय.

आपल्याकडची पोळी पुण्यासारखी कागदी नसते. एका पोळीत शंभर ग्रॅम पुरण धरा. एक किलो हरभऱ्याची डाळ शिजून, साखर पडून, आटून पावणेतीन-तीन किलो पुरण होतं. म्हणजे किलोला २८ पोळ्या. माणशी सव्वा पोळी धरली (लेकरं अर्धी खातात, गडीमाणसं दोन), तर शंभर. नैवेद्य, वाण आणि घरी पडून असलेल्यांचे डबे धरून ११०. डाळ चार किलो, साखर पावणेचार, कणीक तीन किलो.

पोळी पोटात गेल्यावर भात कमी लागतो, माणशी साठ ग्रॅम पुरे, पाच किलो तांदूळ घ्या. पण पाच किलो एका गंजात शिजवू नका. वर कच्चा राहतो, खाली लागतो. दोन गंज करा, एक लागला तर दुसरा वाचतो. तूरडाळ अडीच किलो. कढीला दहा लिटर ताक. तूप तीन किलो, आणि इथं हात आखडायचा नाही. विदर्भात पोळीवर तूप दिसलं नाही तर पोळी वाढलीच नाही असं समजतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. एक पोळी तव्यावर तीन मिनिटं घेते. ११० पोळ्या गुणिले तीन, साडेपाच तास. एका तव्यावर. तुमची अडचण पुरण नाही, तुमची अडचण तवा आहे. तीन तवे लावा, तीन बायका बसवा, दोन तासांत काम संपतं. लाटणारी वेगळी, भाजणारी वेगळी.


पुण्याची पाहुणी
२५ ऑगस्ट, दुपारी ३.४१

काका, "कागदी"बद्दल निषेध नोंदवते. बाकी हिशेब छापून फ्रिजवर लावण्यासारखा आहे.


नवी चूल
२५ ऑगस्ट, संध्याकाळी ६.५०

काका, एक गंमत सांगते. सासूबाईंचा "शेर" कोणता म्हणून शोधला. पितळेचं माप असेल असं वाटलं होतं. तो निघाला डालड्याचा जुना पत्र्याचा डबा, दोन किलोवाला, पिवळा रंग उडालेला. त्यात डाळ भरून दुकानातल्या काट्यावर तोलली. १ किलो ७५० ग्रॅम. म्हणजे त्यांचे "दोन शेर, नाहीतर अडीच" म्हणजे साडेतीन ते जवळजवळ साडेचार किलो. तुमचा हिशेब चार किलोचा.

त्या म्हणाल्या, "एवढं लिहित बसण्यापेक्षा मला विचारायचं होतं."


अंबाडी
२५ ऑगस्ट, रात्री ८.३०

मी दर्यापूरची. एकच विचारते, डाळ कोणत्या पाण्यात शिजवणार आहेस? बोअरचं पाणी असेल तर जपून. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं, पाण्यानं आम्हाला सगळं शिकवलंय. लग्न होऊन आले त्या वर्षी बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ चढवली, सात शिट्ट्या झाल्या आणि डाळ दाण्यासारखी टणक. मला वाटलं डाळच जुनी. पाणी जड होतं.

चार किलोचा घाणा घालण्याआधी पावशेर डाळीची रंगीत तालीम कर.


लॅबवाला
२५ ऑगस्ट, रात्री ९.०२

अंबाडीताईंचं अगदी बरोबर. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरतं. पेक्टिन म्हणजे दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटवणारं द्रव्य. ते सुटलं तर डाळ मऊ होते, धरून राहिलं तर कितीही उकळा. त्याच कारणासाठी डाळ पूर्ण शिजण्याआधी साखर, गूळ किंवा आंबट काही घालायचं नाही. चिमूटभर सोडा टाकला तर मऊ पडते, पण जास्त झाला की पुरणाला साबणाची चव येते.


नवी चूल
२६ ऑगस्ट, रात्री ९.१५

रंगीत तालीम झाली. सपशेल आपटले.

पावशेर डाळ, घरच्या बोअरचं पाणी, पाच शिट्ट्या. बाहेरून फुटली, आत कणी. तरी साखर घातली, म्हटलं शिजेल पुढे. नाही शिजली. पुरणयंत्रातून काढताना हँडल फिरेना. नवऱ्यानं फिरवलं तर यंत्राचा पायच निसटला.

दुसरी वाटी डाळ नळयोजनेच्या पाण्यात दोन तास भिजवून लावली. चौथ्या शिट्टीला बोटानं चिरडली गेली. त्या दिवसासाठी वीस लिटरचे पाण्याचे कॅन आधीच भरून ठेवणार, नळाचा भरवसा नाही. अंबाडीताई, तुम्ही विचारलं नसतं तर चार किलोचं वाटोळं झालं असतं.

सासूबाई म्हणाल्या, "मी तर नेहमी नळाचंच घेते." ताई, हे त्या मला कधी सांगणार होत्या?


शास्त्रापुरतं
२७ ऑगस्ट, सकाळी ११.३०

सर्वांना गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा. एक सूचना. पुरण आदल्या रात्री करून ठेवण्याचा सल्ला कोणी देण्याआधीच सांगतो, शिळ्या पुरणाचा नैवेद्य चालत नाही. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, त्या दिवशी सोवळ्यात, ताजा स्वयंपाक. सोयीसाठी शास्त्र वाकवू नये.


वऱ्हाडी ठेचा
२७ ऑगस्ट, दुपारी १२.१०

शास्त्रापुरतं, शेवटचं पुरण कधी वाटलंत तुम्ही? स्वतःच्या हातानं?


शास्त्रापुरतं
२७ ऑगस्ट, दुपारी १२.२५

प्रश्न माझा नाही, परंपरेचा आहे.


वऱ्हाडी ठेचा
२७ ऑगस्ट, दुपारी १२.२७

उत्तर मिळालं.


अंबाडी
२७ ऑगस्ट, दुपारी १.४०

भांडू नका, यातून साधा मार्ग आहे. आमच्याकडे पहाटे आंघोळ करून पहिला लहान घाणा नैवेद्याचा, ताजा, बाजूला झाकून. पंगतीचं बाकीचं पुरण त्यानंतर. आदल्या रात्री फक्त निवडणं, चिरणं आणि डाळ धुऊन ठेवणं. तशीही या दिवसांत, दमट हवेत, रात्रभर बाहेर राहिलेलं पुरण आंबू शकतं. देवाचं सोडा, माणसांच्या पोटासाठी तरी सकाळीच करावं. म्हणजे शास्त्रापुरतं यांचं उत्तर बरोबर, कारण वेगळं.


मोठीमाय
२७ ऑगस्ट, दुपारी ४.००

आंबिलीचं कोनी सांगतलं नाई. आयक.

जवारीले आदल्या दिवशी पान्याचा हात लाव, कांड, कोंडा पाखडून टाक. मंग भरडा कर. ऐंशी लोकायले दीड किलो भरडा लय झाला, तो पान्यात सहा पट फुगते. रातभर ताकात भिजू घाल, ताक आंबट पाह्यजे. दुसऱ्या दिवशी पान्याले आधन आलं का सोडत जाय. एका हातानं सोडजो, दुसऱ्या हातानं घोटजो. हात थांबला का गुठळ्या. मीठ, खोबऱ्याचे काप, अद्रक. पातळच उतरव, थंडी झाली का आपोआप घट्ट होते. नव्या बाया इथंच फसतात, चुलीवरच घट्ट करतात अन् वाढाच्या टायमाले सराटा उभा राह्यते त्यात.

अन् चुलीत पऱ्हाट्या नको घालू. पऱ्हाट्याईचा जाळ भडकते अन् इझते, पोयी वरून करपते, आतून कच्ची. बाभयीचं लाकूड घे, आतापासून कोरड्यात ठेव. पानी हाय न सध्या.


झाडीपट्टी
२७ ऑगस्ट, संध्याकाळी ५.१८

आमच्या गोंदियाकडे भाताचा मुलूख, ज्वारी म्हणजे पाहुणी. पण मोठीमायचं वाचून भूक लागली.


नवी चूल
२८ ऑगस्ट, रात्री ८.४५

आता भाज्यांचा प्रश्न. सोळा भाज्या गावच्या बाजारात कुठून आणू? आतापर्यंत जमलेल्या: कोहळं, दोडके, गिलके, बरबटी, गवार, भेंडी, कारलं, वांगं, तोंडले, काकडी, धोप्याची पानं, अंबाडी. बारा. वावराच्या धुऱ्यावर काटवलं मिळतील बहुतेक, तेरा.


पुण्याची पाहुणी
२८ ऑगस्ट, रात्री ९.००

बरबटी आणि धोपा म्हणजे काय? आणि कोहळं तर आम्ही पेठ्याला वापरतो.


वऱ्हाडी ठेचा
२८ ऑगस्ट, रात्री ९.०६

बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा. धोपा म्हणजे अळू. आणि आमचं कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा. सांभार म्हणजे काय ते मात्र विचारू नका, नाहीतर इडलीबरोबर काय खाता यावरून नवा धागा निघेल.


अंबाडी
२८ ऑगस्ट, रात्री ९.३०

मुळा, शेपू आणि एक कच्चं केळं टाक, झाल्या सोळा. कोण मोजतं? मोजणारी एकच म्हातारी असते आणि ती मोजते हे खरं, म्हणून टाक.

पण भाजीत दोन फसगती आहेत. भेंडी आधी कोरडी परतून शेवटी घाल, नाहीतर सात किलो भाजी ताराताराची होईल. आणि (माझ्या नावाला जागून सांगते) अंबाडी अगदी शेवटी. आंबट आधी पडलं की गवार आणि बरबटी शिजता शिजत नाही. हळद वायगावची मिळाली तर बघ, तुमच्याच जिल्ह्यातली आहे, रंगाला निम्मी पुरते.


गणिती काका
२९ ऑगस्ट, सकाळी ७.३०

एक राहिलं. पानं मोजून आणा. मी वसतिगृहात असताना हजेरीपटावर कधी विश्वास ठेवला नाही, उष्टी ताटं मोजायचो. पत्रावळी शंभर आणा. किती उरल्या त्यावरून पुढच्या वर्षीचा आकडा निघेल.


नवी चूल
३१ ऑगस्ट, रात्री १०.५०

आज आवाहन झालं. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली, मुखवटे घेऊन आले, जाऊबाई विचारत होत्या आणि मी उत्तर देत होते, सोन्याच्या पावलांनी आल्या म्हणून. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि दोन्ही बाळं उभी आहेत. साड्या मी नेसवल्या. कनिष्ठेच्या निऱ्या तीनदा सोडाव्या लागल्या. भाजीभाकरीचा नैवेद्य झाला. फुलोरा बांधलाय, एक करंजी फुटली ती पुतण्यानं पळवली.

भाज्या चिरून झाल्यात, धुतलेली डाळ ओल्या फडक्याखाली, पहाटे नळाच्या पाण्यात घालायची. कॅन भरलेले. बाभळीचं लाकूड ओट्यावर. झोप येत नाही.


नवी चूल
१ सप्टेंबर, सकाळी ११.२०

लाइट गेली. तिसरा घाणा सैल झालाय, पुरण पसरतंय. काय करू? लवकर.


मोठीमाय
१ सप्टेंबर, सकाळी ११.२४

परत चुलीवर घाल. मोठ्या कढईत. सराटा उभा राहेपर्यंत आटव, हात थांबवू नको. कोरडं बेसन टाकू नको कोनी कितीबी सांगतलं तरी.


लॅबवाला
१ सप्टेंबर, सकाळी ११.२६

आटवल्यावर परातीत पातळ पसरून थंड करा. गार झाल्यावर आणखी आळतं, गरम असताना निर्णय घेऊ नका.


तुरीचं वरण
१ सप्टेंबर, दुपारी ४.३०

काय झालं? मी ऑफिसात बसून दर दहा मिनिटांनी हा धागा उघडतोय.


तुरीचं वरण
१ सप्टेंबर, रात्री ९.१५

कोणी तरी सांगा.


नवी चूल
३ सप्टेंबर, दुपारी ३.३०

काल विसर्जन झालं, दोरे घेतले, दुपारी चार तास झोपले. आता लिहिते.

पहाटे चारला उठले. नैवेद्याचा पहिला घाणा साडेसहाला तयार, अगदी मऊ. मला वाटलं मी जिंकले. दुसराही बरा. तिसऱ्या घाण्यावर जाऊबाई होत्या, त्यांनी कट, म्हणजे शिजलेल्या डाळीचं पाणी, पुरता न निथळता साखर घातली. त्यांना वाटलं कट पुरणातच आटवायचा असतो. मी ओरडणार होते, पण त्या आदल्याच दिवशी नागपूरहून भासऱ्यांसोबत आल्या होत्या, आणि घाण्यावर बसा असं मीच त्यांना म्हटलं होतं. मोठीमायनं सांगितल्याप्रमाणे परत आटवलं, पाऊण तास गेला. जाऊबाईंनी तो पाऊण तास एका हातानंही सराटा सोडला नाही. त्या घाण्याच्या पोळ्या रंगानं जरा गडद झाल्या आणि गावात त्याच सगळ्यात गोड म्हणून गाजल्या. मी कोणाला काही सांगितलं नाही.

तीन तवे. गॅसवर दोन, चुलीवर एक. लाटायला मी आणि नणंद, भाजायला जाऊबाई, शेजारच्या काकू आणि, ऐका, माझा नवरा. चुलीचा तवा त्यानं घेतला. सासूबाई बाजेवरून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. चार पोळ्या झाल्यावर म्हणाल्या, "उलथताना मनगट वळव, कोपर नाही." बास, एवढंच. गावातल्या दोन म्हाताऱ्या दारातून डोकावून गेल्या, त्यांनीही पाहिलं. काय बोलल्या असतील ते अजून कानावर यायचंय. काका, साडेनऊला पहिली पोळी तव्यावर पडली, मधला पाऊण तास धरून दीडला शेवटची निघाली. ११२.

आंबील मोठीमायच्या प्रमाणानं केली. पातळ उतरवली तेव्हा नणंद म्हणाली, हे काय पाणी केलंस. संध्याकाळी वाढताना बरोब्बर झाली होती. भाताचा एक गंज खाली लागला. दुसरा वाचला. वडे नणंदेचे, त्यात माझा हात नाही. खीर मात्र मी विसरलेच, साखर घालायला. पहिल्या पंगतीतल्या एका आजोबांनी वाटी संपवून विचारलं, "ही आजाऱ्याची हाय का?"

आरती साडेसातला. पहिल्या पंगतीला पंचवीस धरले होते, एकेचाळीस बसले. गणपती बघायला आलेली पोरं तशीच बसली, सालगड्याची बायको तिच्या माहेरच्या दोघींना घेऊन आली, समोरच्या घरी आलेले पाहुणे "प्रसाद घेऊन जाऊ" म्हणत आले. कोणाला उठ म्हणणार? तिसऱ्या पंगतीला पोळ्या अर्ध्या करून वाढल्या. तूप पुरलं, कढी पुरली, भाजी उरली.

पावणेबाराला आम्ही घरच्या बायका बसलो. दुरडी रिकामी. वरण, लागलेल्या गंजातला वरचा भात, कढी. मला काही वाटलं नाही, भूकच मेली होती. तेवढ्यात सासूबाईंनी डाव्या हातानं बाजेखालून एक झाकलेलं पितळी टोपलं ओढलं. त्यात आठ पोळ्या. त्यांनी दुपारीच काकूंकडून काढून ठेवायला लावल्या होत्या. "दरवर्षी ठेवते," म्हणाल्या. "तू लवकर झोपून जायचीस, म्हणून तुला माहीत नाही."

पत्रावळी उरल्या तीन.


गणिती काका
३ सप्टेंबर, दुपारी ४.१०

म्हणजे ९७. तुमचा आकडा ८१ होता. सोळा जास्त, साधारण वीस टक्के. पुढच्या वर्षी काढलेल्या आकड्यावर पाचवा हिस्सा चढवा. आणि त्या आठ पोळ्या हिशेबात वेगळ्या धरा, पंगतीच्या डाळीतून नव्हे.


मोठीमाय
३ सप्टेंबर, संध्याकाळी ५.५५

माह्या सासूनं बी ठेवल्या असतीन तवा. मले कुठं म्हाईत. म्या खिचडी खाल्ली.


वऱ्हाडी ठेचा
३ सप्टेंबर, संध्याकाळी ६.२०

मोठीमाय, इथं सगळे हसत होते, आता गप्प बसलेत.

नवी चूल, नवऱ्याला सांगा, उलथताना मनगट. माझीही पोळी कोपरामुळेच फाटते, आज कळलं.


पुण्याची पाहुणी
३ सप्टेंबर, रात्री ८.००

खिरीत साखर विसरणं आमच्या घरीही झालंय. आम्ही ती "डाएट खीर" म्हणून खपवली. आजाऱ्याची जास्त चांगलं आहे.


कापूसकोंड्या
१७ सप्टेंबर, सकाळी १०.४०

उशिरा आलोय, पण हा धागा वाचून धीर आला. अकोला जिल्ह्यातून लिहितोय. आई नाही, बायको माहेरी बाळंतपणाला गेलीय, घरी मी आणि वडील. २१ तारखेला सर्वपित्री, पंचवीस पानं आहेत. कढी आणि भात मला येतो. नवी चूल ताई, उडदाच्या वड्यांचं प्रमाण सांगाल का? आणि पाणी आमचंही खारं आहे.


नवी चूल
१७ सप्टेंबर, दुपारी १२.१५

दादा, पाणी आधी बघा. गोड पाणी मिळेल तिथून दोन कॅन आणून ठेवा, भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला. पंचवीस पानं म्हणताय, पण आवतन चूलबंद आहे की घरटी एक, ते वडिलांना विचारा. आलेल्या आकड्यावर पाचवा हिस्सा चढवा. भात दोन गंजांत लावा.

वडे आमच्याकडे नणंदेनं केले होते. संध्याकाळी फोन करून विचारते आणि लिहिते.